पंख्यावरची नावं

आमच्या हॉस्पिसला सगळ्यात जास्त काय मिळत असेल, तर केळी. नगरसेवकाचा वाढदिवस, भावी नगरसेवकाचा वाढदिवस, एखाद्या प्रतिष्ठानचा वर्धापनदिन, निमित्त काहीही असो, सकाळी अकराच्या सुमाराला दोन-तीन गाड्या येतात, बॅनर धरला जातो, फोटो निघतात आणि केळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे टेबलावर उतरतात. वॉर्डातले निम्मे पेशंट तोंडाच्या नाहीतर घशाच्या कॅन्सरचे. त्यांच्या नाकात नळी, आणि त्या नळीतून दूध, डाळीचं पाणी, नाचणीचं सत्त्व पातळ करून थोडं थोडं सोडायचं. केळं त्यांनी नुसतं बघायचं. मग ती केळी मावश्या खातात, मामा खातात, पेशंटसोबत आलेली माणसं खातात. त्यांनाही भूक असतेच, तेव्हा फुकट काही जात नाही. पण जमेच्या बाजूला फळंच फळं आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या पगाराला पैसे कुठून आणायचे याची दर महिन्याला चिंता, असा आमचा ताळेबंद असतो.

मी इथे हिशेब बघते आणि देणग्या मागते. सगळी नोकरी सहकारी बँकेत गेली, त्यामुळे हिशेबाचं काही वाटत नाही. मागणं मात्र मी दादाकडून शिकले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पेठेतल्या आमच्या वाड्यात लहानथोर सगळे त्याला दादाच म्हणायचे. छापखान्यात कामाला होता आणि आमच्या गणपती मंडळाचा खजिनदार होता. अध्यक्ष बदलले, कार्यकर्ते बदलले, मूर्ती उंच झाली, पुढे स्पीकरच्या भिंती आल्या, पण खजिनदार तोच राहिला. वर्गणी मागायची त्याची एक रीत होती. आकडा कधी सांगायचा नाही. पावतीपुस्तक उघडायचं, कार्बन नीट सरकवायचा, समोरच्याचं नाव विचारून सुवाच्य अक्षरात लिहायचं आणि रकमेच्या जागी पेन टेकवून गप्प उभं राहायचं. ‘माणूस आकड्याला नाही म्हणतो, नाव लिहिलेल्या पावतीला नाही म्हणायला लाजतो,’ असं तो म्हणे. तंबाखू मळता मळता म्हणे, हेही सांगायला हवं, कारण त्या तंबाखूनेच त्याला नेलं.

गालाच्या आत एक जखम झाली, ती भरेना. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, बरा काळ गेला आणि मग मानेला गाठ आली. ती वाढून बाहेर फुटली. ज्या हॉस्पिटलमध्ये उपचार चालू होते तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, सेवा करा. सेवा कशी करायची ते कुणी सांगितलं नाही. जखमेला वास यायला लागला. नातवंडं दाराशीच थांबायला लागली, भेटायला येणारे खिडकीजवळची खुर्ची धरायला लागले. वहिनी कापूर जाळायची, उदबत्त्या लावायची आणि त्याच खोलीत झोपायची. दादाला हे सगळं दिसत होतं. बोलणं बंद झालं होतं, पण डोळे शाबूत होते. रात्री दुखणं वाढलं की तो भिंतीला पाठ लावून बसून राहायचा, कारण आडवं झालं की ठणका कानापर्यंत जायचा.

हॉस्पिसमध्ये आणलं त्या दिवशी सिस्टरने पहिल्यांदा काय केलं, तर जखम सलाईनने धुतली आणि मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर पसरली. जुलाब झाले की आपण घरात घेतो, तीच गोळी. काही दिवसांत वास इतका कमी झाला की धाकटा नातू पलंगावर चढून बसला. एवढी साधी, एवढी स्वस्त गोष्ट आम्हाला आधी का कुणी सांगितली नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

दुसरी गोष्ट मॉर्फिनची. डॉक्टरांनी गोळी सुरू करायची म्हटल्यावर वहिनीचे भाऊ म्हणाले, ‘एवढ्यात मॉर्फिन? म्हणजे झालंच की सगळं.’ डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं. हे औषध दुखण्याचं आहे, मरणाचं नाही. दुखणाऱ्या माणसाला मोजून मापून दिलं तर त्याचं व्यसन लागत नाही. दर चार तासांनी द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध, ते विसरायचं नाही. त्या रात्री दादा आडवा झोपला. वहिनी पहाटे दोनदा उठून त्याचा श्वास बघून आली, कारण त्याला इतकं स्वस्थ झोपलेलं बघायची सवयच राहिली नव्हती.

सकाळी त्याने पाटी मागितली. आम्हाला वाटलं, काहीतरी मनातलं लिहील. त्याने लिहिलं, ‘मंडळाच्या एफडीचं काय?’ मंडळाची एक मुदतठेव त्याच्या सहीवर अडकली होती आणि तिची मुदत संपत आली होती. गेले कितीक आठवडे ठणक्यासोबत हे त्याच्या डोक्यात ठणकत होतं. तिथल्या सोशल वर्करने मंडळाच्या पोरांना बोलावून घेतलं, कागद आणवले, सह्या बदलल्या. त्या दिवशी त्याने ठणका कमी आहे असं खुणेने सांगितलं. औषध काही वाढवलेलं नव्हतं.

पुढे वाचताना कळलं की हॉस्पिसच्या विचाराचा पायाच हा आहे. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी ते मांडलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं. त्यात मनाचं असतं, घरच्यांचं असतं, पैशाचं असतं, देवाशी चाललेल्या भांडणाचंही असतं, आणि सगळं मिळून एकच दुखतं. बाई आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि मरणाऱ्यांसाठी काही करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं म्हणून पस्तिशी उलटल्यावर डॉक्टर झाल्या. पण मला त्यांची गोष्ट भावते ती निधी गोळा करणारी म्हणून. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड तास्मा नावाचा वॉर्साहून आलेला ज्यू निर्वासित कॅन्सरने मरत होता. वेटरचं काम करायचा, जवळचं कुणी नव्हतं. त्याच्याशी बोलता बोलताच अशा माणसांसाठी वेगळी जागा हवी ही कल्पना रुजली. जाताना त्याने सॉन्डर्सबाईंसाठी पाचशे पौंड ठेवले, तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन म्हणून. ते घर, म्हणजे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, उघडलं १९६७ साली. मधली एकोणीस वर्षं बाई शिकत होत्या, आराखडे करत होत्या आणि पैसे मागत होत्या. पहिली देणगी एका मरणाऱ्या वेटरची होती, हे मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला माउंट मेरीजवळ निघालं. डॉ. एल. जे. डिसोझा या कर्करोगतज्ज्ञ शल्यचिकित्सकांनी १९८६ मध्ये ‘शांती आवेदना’ सुरू केलं. पुढे गोव्यात आणि दिल्लीत त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. घेणार तरी कुठून? तिथवर पोचेपर्यंत घरातलं सोनं, शेताचा तुकडा, पीएफ, सगळं उपचारांत गेलेलं असतं. बिल नाही म्हणजे खर्च नाही असा मात्र लोकांचा समज होतो, आणि माझं काम तिथून सुरू होतं.

दादा गेला तेव्हा वहिनी आणि मी जवळ होतो. त्याबद्दल इतकंच पुरे.

तेरावं झालं, पाहुणे गेले आणि मी हॉस्पिसला जाऊन म्हटलं, मला इथे काम करायचंय. सिस्टर-इन-चार्ज केरळच्या, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्या म्हणाल्या, ‘ताई, वर्षभर वॉर्डात नको. तुम्हाला प्रत्येक खाटेवर दादाच दिसणार. पेशंटला तुमचं दुःख कशाला?’ मला तेव्हा ते लागलं. बऱ्याच हॉस्पिसमध्ये हा नियम असतो, असं नंतर कळलं, आणि तो शहाणपणाचा आहे. शोकात असलेल्या माणसाला सेवा करायची घाई असते. त्या घाईत आपलं राहून गेलेलं काहीतरी फेडायचं असतं, आणि समोरच्याच्या खाटेशी त्या फेडीचा काही संबंध नसतो. ‘ऑफिसात बसा,’ सिस्टर म्हणाल्या, ‘तिथे माणूस हवंय.’

ऑफिसात बसल्यावर खर्च कळला. औषधांचा वाटतो तितका नाही. मॉर्फिनची गोळी काही रुपयांना येते. तिच्यापायी गेलेला वेळ पैशाहून महाग. आपल्याच देशात, नीमच-मंदसौर-चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची एवढी किचाट झाली की कित्येक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, पण डॉक्टरांच्या मनातली भीती कायद्याने दुरुस्त होत नाही. खरा मोठा आकडा असतो तो पगाराचा. सिस्टर, मावश्या, मामा, स्वयंपाकीण, सोशल वर्कर, घरोघरी जाणाऱ्या टीमचा ड्रायव्हर. त्याखाली डायपर, ड्रेसिंगचा कापूस, हवेच्या गाद्या, धुलाई, वीज. याच्यात फोटो काढण्याजोगं काही नाही.

लोकांना द्यायचं असतं, अगदी मनापासून द्यायचं असतं, पण दिसेल असं. आमच्या पंख्यांवर नावं आहेत. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, लाल ऑइलपेंटने, अर्धगोलात. पंखा बंद असला की वाचता येतात. बाकांवर आहेत, पाण्याच्या कूलरवर आहेत, व्हीलचेअरच्या पाठीवर आहेत. व्हीलचेअर तर इतक्या आहेत की बसू शकणाऱ्या पेशंटांना पुरून उरतात. मी थट्टा करत नाही. आपल्या माणसाचं नाव कुठेतरी राहावं ही इच्छा मला समजते. मीही दादाच्या नावाचं कपाट देणार होते. पण रात्री तीन वाजता उठून कुशी बदलून देणाऱ्या मावशीच्या पगारावर नाव कुठे रंगवणार?

एका सोसायटीच्या चेअरमननी मला सरळ विचारलं होतं, ‘ते लोक तर जाणारच ना? आम्ही लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला देतो. तिथे काहीतरी हाती लागतं.’ मला त्यांचा राग आला नाही. बाकीचे जे मनात ठेवून ‘बघू, कळवतो’ म्हणतात, ते यांनी तोंडावर सांगितलं. पैशाला फळ हवं असतं. अनाथाश्रमातला मुलगा इंजिनिअर होतो, वसतिगृहातली मुलगी तहसीलदार होते, त्यांच्या बातम्या येतात. आमच्याकडे दाखवायला कुणी उरत नाही. आमचा पेशंट कधी स्टेजवर येऊन हार घालून घेणार नाही. मी चेअरमनसाहेबांना दादाची ती पहिली रात्र सांगितली आणि पावतीपुस्तक उघडलं. त्यांनी दिले, फार नाही, पण दिले.

कंपन्यांचं वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालावे लागतात, त्यामुळे त्यांच्याकडे पैसे असतात आणि फॉर्म असतात. एका फॉर्मात रकाना होता: उपक्रमामुळे लाभार्थ्यांच्या आयुष्यात झालेला मोजता येण्याजोगा बदल. मी लिहिलं, ‘सलग झोप लागलेल्या रात्री’, आणि सिस्टरांच्या नोंदवहीतून महिन्याचा आकडा काढून भरला. चार दिवसांनी तिथल्या मुलीचा फोन आला. ‘मॅडम, हे मी आरोग्य-सुधारणेत घालू की कशात?’ शेवटी तिने ते ‘इतर’मध्ये घातलं. पैसे एका वर्षाचे मिळाले. पुढच्या वर्षी कंपनीचा भर झाडं लावण्यावर होता.

प्राप्तिकराची सवलत हाही एक धडा. दोन हजारांवर रोख देणगी दिली तर ऐंशी-जीची सवलत नाही, हे समजावता समजावता घसा सुकायचा. आता नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही. काही नेहमीचे देणगीदार त्यानंतर दिसेनासे झाले. काहींनी पावतीकडे बघितलंसुद्धा नाही आणि रक्कम तीच ठेवली. कोण कशासाठी देत होतं ते आपोआप कळलं.

केरळात हे काम कसं चालतं ते सिस्टरांनीच मला पहिल्यांदा सांगितलं. १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात सुरुवात केली, आणि काही वर्षांत ते काम कॉलेजातून निघून गल्लीबोळांत गेलं. शेजारपाजारचे स्वयंसेवक तयार झाले, पैसेही तिथलेच, बहुतेक सामान्य लोकांनी दिलेल्या लहान लहान रकमांचे. सरकारचं धोरण आलं २००८ मध्ये, लोकांच्या मागून. हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच की. एकेक पैसा गोळा करत अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तो याच महाराष्ट्रात. दरवर्षी श्रावणात दारोदार फिरून लाखांनी वर्गणी गोळा करणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना हिशेब ठेवता येतो, नाही म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाता येतं, अपमान गिळता येतो. निधी गोळा करण्याचं एवढं शिक्षण कुठल्या व्यवस्थापनशास्त्राच्या कॉलेजात मिळत नसेल.

म्हणून मी दादाच्या मंडळाकडे गेले. पोरं आधी जरा बिचकली. उत्सवात मरणाची गोष्ट कशी काढायची? वयस्कर मंडळी म्हणाली, बाप्पाच्या मांडवात कॅन्सरचा बोर्ड नको. बोर्ड लागला नाही. पण वर्गणीच्या पावतीमागून एक दुसरी पावती फाडायची, ज्याला द्यायचं त्याने द्यायचं, असं ठरलं. त्यातून मिळते ती रक्कम मोठी नाही, पण दरवर्षी येते, आणि तिच्यावर कुणाचं नाव रंगवावं लागत नाही. शिवाय एक झालं. त्या घरांतून फोन यायला लागले: आमच्या मामांना असं असं आहे, तुमच्याकडे आणता येईल का? पैसे मागायला गेलं की पेशंट कळतात, हे मला अपेक्षित नव्हतं.

पुढे आम्ही दुसरी एक गोष्ट सुरू केली. वर्षश्राद्धाला, वाढदिवसाला, ज्या दिवशी ज्याला वाटेल त्या दिवशी, एका रात्रीचा खर्च द्यायचा. त्या रात्रीपुरतं ऑफिसच्या दाराशी फळ्यावर खडूने नाव लिहायचं, सकाळी पुसायचं. वहिनी दरवर्षी दादाच्या तिथीला देते आणि फळा बघायला येत नाही. ‘तिथे कुणीतरी झोपलं असेल नीट, मग झालं,’ म्हणते.

वर्षानंतर सिस्टरांनी मला वॉर्डात जाऊ दिलं. लोकांना वाटतं, तिथे आम्ही काहीतरी गहन बोलत असू. ‘आनंद’ सिनेमाने एक मोठा घोटाळा करून ठेवलाय. मरणारा माणूस सारखा सुंदर वाक्यं बोलतो अशी आपली समजूत झालीय. प्रत्यक्षात मी नखं कापते. केसांना तेल लावते. मोबाईलचा रिचार्ज मारते. एका आजोबांशी रमी खेळायची, ते पत्ते लपवायचे. आणि नोव्हेंबरात माझ्या नोकरीचा खरा उपयोग होतो, कारण पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. खाटेवर पडलेला माणूस, बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, डोळे कॅमेऱ्याकडे वळत नाहीत, आणि तो जिवंत आहे हे सिद्ध व्हायला हवं, नाहीतर पेन्शन अडणार. बँकेतल्या जुन्या ओळखी वापरून मी माणूस खाटेपर्यंत आणते. एक निवृत्त मास्तर सही करून मला म्हणाले, ‘घ्या, झालो जिवंत.’ त्यांच्या पेन्शनवर नातीची फी चालली होती. हे त्यांचं दुखणं होतं.

‘इथे येऊन मन रमतं का?’ असं मला विचारतात. रमायला मी येत नाही. दादाचं जाणं इथे येऊन कमी झालं असंही नाही; काही दिवशी तर नळीतून सत्त्व देताना हात थांबतो. शोकाचा उपाय म्हणून कुणी समाजसेवा सुचवली तर मी गप्प बसते, कारण ती सुचवणाऱ्याला बहुतेक वेळा आपलं रडणं बघवत नसतं. मी येते कारण काम आहे आणि मला ते जमतं.

तेव्हा मागून घेते, रीतीप्रमाणे आकडा न सांगता. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात अशी एखादी संस्था असेल तर तिच्या ऑफिसात फोन करून विचारा, या महिन्यात तुमचं काय अडलंय. जे सांगतील ते द्या, आणि जमलं तर दर महिन्याला थोडं थोडं द्या. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा त्याचा आम्हाला जास्त उपयोग होतो. घरात कुणाला मोठा आजार निघाला असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा की दुखण्याचं काय करणार. उपचार चालू असतानाही दुखणं थांबवणारे डॉक्टर सोबत असू शकतात, त्यासाठी बरं होण्याची आशा सोडावी लागत नाही. आमच्याकडे बहुतेक लोक शेवटच्या आठवड्यात येतात. त्याआधी या.